डोंगर जुन्याच चिरेवर चढतो

सातुर्निना यापुराला कोरालितो गावात दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक, तिची खेचरं. दुसरी, एकोणतीस वर्षांपूर्वी तिच्या सांगण्यावरून खणलेली कोरडी विहीर. खेचरांबद्दल लोक आदरानं बोलत, विहिरीबद्दल मात्र मनापासून.

"अंग न भिजवता नरकात जायचंय?" फेलिसियानो लिएंद्रो पाहुण्यांना विचारायचा. "मग उतरा सातुर्निनाच्या विहिरीत. थेट पोचाल."

"आधी तू जा, कोम्पाद्रे," सातुर्निना खेचराचा पट्टा आवळता आवळता म्हणायची. "पोचलास की हाक मार. सैतान घरी असला तर आम्ही येतो."

फेलिसियानोच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मआई म्हणून तिनं हातावर धरलं होतं. तेव्हापासून ती दोघं एकमेकांची कोम्पाद्रे-कोमाद्रे. प्रेमही त्याच नात्यानं आणि भांडणही त्याच नात्यानं. त्यात फेलिसियानो गावच्या समितीचा अध्यक्ष, म्हणजे भांडणाला सरकारी शिक्काही होता.

सातुर्निना सतरा वर्षांची असताना बाप आजारी पडला, आणि दगडांचा अभ्यास करणाऱ्या एका म्हाताऱ्या प्रोफेसराला खिंडीपर्यंत न्यायचं काम तिच्याकडे आलं. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं ती हेच करत राहिली. साल्ता शहरातल्या विद्यापीठातून माणसं यायची, हातोडीनं डोंगराला टिचक्या मारायची, दगड पिशव्यांत भरायची. त्या पिशव्या खेचरांवर लादून खाली आणायच्या. अर्धा डोंगर मीच साल्ताला पोचवला, असं ती म्हणायची. आणि प्रत्येकाला एकच विचारायची, "हे कशाला हवंय?" काही जण हसून टाळायचे. काही जण असं उत्तर द्यायचे की टाळलं असतं तर बरं.

विद्यापीठातलीच बेलेन ओलिवेरा मात्र नीट सांगायची, आणि सातुर्निनाला मानानं 'दोन्या' म्हणायची. तीन वर्षं ती पोरगी सातुर्निनाच्या खेचरावर बसून डोंगर पालथा घालत होती.

"पश्चिमेला समुद्राचा तळ आपल्या जमिनीखाली घुसतोय, दोन्या. हळूहळू, नखं वाढतात त्या वेगानं. त्याचा रेटा इथवर पोचतो, म्हणून डोंगर उठतात."

"ते कळलं. पण रेटा सगळ्यांनाच आहे ना? मग डोंगर इथंच का उठला? पलीकडचं मैदान काय लाडकं आहे?"

बेलेननं खेचर थांबवलं. "हाच प्रश्न घेऊन मी तीन वर्षं फिरतेय."

त्या दिवशी दोघी कड्यावर बसून उकडलेला मका आणि शेळीचं चीज खात होत्या. समोर लाल गोट्यांच्या दगडाचा थर होता, चर्चचा मनोरा आत मावेल एवढा जाड. खाली दरीपलीकडे तोच थर जेमतेम माणसाच्या उंचीचा.

"गोटे पाण्यानं आणलेले," सातुर्निना म्हणाली. "पाणी गोटे खड्ड्यात टाकतं, टेकडीवर नाही. मग इतके गोटे वर शिखरावर कसे?"

"तुम्हीच सांगा."

सातुर्निनानं चीजचा तुकडा चघळत विचार केला. "कारण तेव्हा हे शिखर नव्हतंच. खड्डा होता. आणि पलीकडचं उंच होतं."

बेलेन म्हणाली, "हा रेटा सुरू व्हायच्या कितीतरी आधी ही जमीन ताणली जात होती. ताणून चिरली. चिरेच्या एका अंगाची जमीन खचली, तिथं गोटे साचले. पुढं समुद्राकडून रेटा आला तेव्हा नवी चीर पाडायची कुणाला गरज होती? जुनी तयारच होती. जी बाजू खचली होती तीच त्या चिरेवरून उलटी वर चढली. खड्ड्याचा डोंगर झाला."

"आणि ती चीर आमच्या गावाजवळून जाते?"

"पायथ्याशी. खेळाच्या मैदानालगत, सरळ." बेलेननं नकाशा उघडला.

"सरळ कशी जाईल, पोरी? लाल दगड शाळेमागं आत वळतो, दफनभूमीच्या वरून जातो, मग पुन्हा बाहेर येतो. तुझी चीर नवी असती तर गेली असती सरळ. जुनी आहे ना? मग जशी होती तशीच वाकडी राहणार."

दोन दिवस त्या चालत फिरल्या. चीर खरंच वाकडी निघाली. दफनभूमीच्या वर, ओहोळाच्या कापात, ती उघडी दिसत होती. दोन दगडांमध्ये हातभर रुंद, साबणासारखी गुळगुळीत पांढुरकी माती. डोंगर चढताना दगड भरडून झालेलं पीठ.

सातुर्निनानं ते पीठ बोटांत चोळलं आणि झटकन वळून खालच्या उताराकडे पाहिलं.

"काय झालं, दोन्या?"

"यातून पाणी झिरपत नाही. डोंगराचं पाणी खाली येतं आणि या भिंतीला अडतं. वरच्या अंगाला साचतं." तिनं खाली बोट दाखवलं. "आणि आम्ही विहीर खणली खालच्या अंगाला. चाळीस पावलं खाली. हिरवळीवरून मी पाणी बरोबर ओळखलं होतं गं. जागा तिथंच होती. पण तिथं आईचं तोंड आहे."

एक ऑगस्टला गाव जिथं जमीन उघडून पाचामामाला, धरणीआईला, जेवू घालतं तो खड्डा नेमका चिरेवर होता. त्या जागी दुसऱ्या कशासाठी कुदळ मारायची नाही, ही रीत. तेव्हा कुणीच वाद घातला नव्हता. मान म्हणून सगळे चाळीस पावलं सरकले, आणि पाणी वाहून न्यायला सोपं म्हणून उतारानं सरकले.

हे सगळं कळलं तेव्हा वेळ थोडा उरला होता. मार्चच्या भूकंपानंतर गावचा झरा करंगळीएवढा झाला होता. सरकारनं बोअरचं मशीन मंजूर केलं होतं. चार दिवस, एकच भोक. ते कोरडं गेलं तर लोक खालच्या शहरात जाणार, हे उघड होतं. तीन घरांना कुलपं लागलीच होती.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपल्यावर शाळेच्या अंगणात सभा भरली.

"मैदानालगत," फेलिसियानो म्हणाला. "मशीनचा ट्रक तिथवर जातो. बेलेनबाईंच्या कागदावरही तेच लिहिलंय."

"कागद चुकला होता," बेलेन उभी राहून म्हणाली. "मी चुकले होते. जागा दोन्या सातुर्निना सांगतील."

अंगणात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "दोर आणा रे, लांबसडक!"

सातुर्निना उठली. तिच्या हातात भट्टीतून काढलेले दोन लांब पाव आणि सुरी.

"भूक लागली का, कोमाद्रे?"

"तुलाच भरवते, थांब. हा अख्खा पाव धर. दोन्ही टोकांनी दाब."

फेलिसियानोनं दाबला. पाव मधेच फुगला, चुरा झाला.

"चीर नसली की असं होतं." दुसरा पाव तिनं तिरका कापला, तुकडे पुन्हा जुळवून त्याच्या दोन हातांत दिले. "आता आधी ओढ. हळू. तुझ्या मेंढ्या ओढतोस तसा नाही."

ओढताच कापावर टेकलेला वरचा तुकडा घसरून खाली आला.

"हा खड्डा. यात गोटे साचले. आता दाब."

त्यानं दाबलं. तोच तुकडा त्याच कापावरून सरसर वर चढला आणि दुसऱ्याच्या डोक्यावर बसला. मागची माणसं पुढं सरकली.

"हा डोंगर. हा काप म्हणजे चीर. कापात भरडलेलं पीठ आहे, त्याला पाणी अडतं. पाणी इथं आहे, चढलेल्या बाजूला. एकोणतीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला इथं नेलं." तिनं सुरीचं टोक खालच्या तुकड्यावर टेकवलं. "चूक माझी. हसलात ते बरोबर केलंत. आता ऐकायचंही काम करा."

"म्हणजे मशीन आईच्या तोंडात घालायचं?" म्हाताऱ्या कासिमिरा आज्जीनं विचारलं.

"नाही, आज्जी. मान तेव्हाही ठेवला, आताही ठेवू. पण या वेळी सरकायचं वरच्या अंगाला. साठ पावलं."

"ट्रक तिथं चढणार कसा?" फेलिसियानो.

"रस्ता करू. तू अध्यक्ष आहेस, फावडं तुला शोभेल."

त्यानं चढलेला तुकडा तोंडाजवळ नेला, चावला. "डोंगर चांगला भाजलाय," म्हणाला. "हात वर करा."

रस्त्याला दोन दिवस लागले. घरटी एक माणूस आला, काही घरांतून तीन. तिसऱ्या दिवशी ट्रक धापा टाकत वर पोचला. मशीन फिरू लागलं.

मशीन सुरू झाल्यापासून तिसऱ्या दुपारी, सेहेचाळीस मीटरवर, नळीतून येणारी धूळ चिखल झाली. मग पाणीच आलं, लाल, जोरात. बायका ओरडल्या, कुणी रडलं. सातुर्निना मात्र नळीपाशी ओणवी होऊन चिखल चिवडत राहिली. एकावन्न मीटरवर तिच्या बोटांना पांढुरकं, गुळगुळीत काहीतरी लागलं.

"बस्स! थांबवा!"

"कागदावर ऐंशी मीटर आहे, बाई," मशीनवाला म्हणाला. "ऐंशी केल्याशिवाय मला सही मिळत नाही."

"ही चिरेची माती आहे. फोडलीस तर सगळं पाणी खाली निसटेल."

"आज्जी, वीस वर्षं भोकं पाडतोय मी."

"आणि त्यातली किती कोरडी?"

मशीनवाल्यानं बेलेनकडे पाहिलं. "त्या म्हणतात तेच खरं," बेलेन म्हणाली. "थांबा." त्यानं नकारार्थी मान हलवली आणि हात पुन्हा दांड्याकडे नेला.

फेलिसियानो पुढं आला. त्यानं टोपी काढली आणि पुढं जोडायच्या नळ्यांच्या ढिगावर ऐसपैस बसला. त्याच्या शेजारी कासिमिरा आज्जी बसली. मग एकेक करत बाकीचे. बघता बघता नळ्यांचा ढीग दिसेनासा झाला.

"सही मी देतो," फेलिसियानो म्हणाला. "एकावन्न लिही."

"कारण काय लिहू?"

"लिही, गावच्या तज्ज्ञानं थांबवलं."

मशीनवाल्यानं पेन काढलं. "तज्ज्ञाचं नाव?"

सातुर्निना चिखलाचे हात स्कर्टला पुसत सरळ झाली. "सातुर्निना यापुरा," ती म्हणाली. "नीट लिही. आणि मशीन बंद कर आधी, पाणी गढूळ होतंय."