काठी कुणासाठी थांबते

बोरीवली पश्चिमेच्या त्या सोसायटीच्या हॉलबाहेर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दहा खुर्च्या मांडलेल्या असत. नाचाच्या क्लासला येणाऱ्या मुलींच्या आया त्यांवर बसत. अकरावी खुर्ची कधीच नसे, म्हणून जानकी पायरीवर बसे, चपलांच्या शेजारी. दोन वर्षांत तिने खुर्ची मागितली नाही आणि कुणी सरकवलीही नाही.

जानकी पूर्वेच्या एका शाळेत शिपाई होती. शाळा सुटली की तशीच गणवेशाच्या निळ्या साडीत मुलीला घेऊन पूल ओलांडून यायची. ती साडी दिसली की सेक्रेटरी श्यामकांतांची बायको नलिनी हटकून म्हणायची, "आल्या का घंटा वाजवून?" बाकीच्या हसायच्या. जानकी म्हणायची, "आले ना. तुमची कधी सुटते शाळा?"

हा क्लास निवडला तेव्हा नंदा अकरा वर्षांची होती. जानकीने शाळेतल्या बाईंना विचारलं, दोन ठिकाणं बघितली आणि इथल्या हॉलच्या गुळगुळीत लाद्या, भिंतीवरचे शिकवणाऱ्या उत्तराबाईंचे फोटो, काचेत लावलेलं प्रमाणपत्र बघून भुलली. शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाची ही एक खोड असते, इमारत चांगली दिसली की शिकवणंही चांगलंच असणार असं वाटतं. हॉल श्यामकांतांनी मिळवून दिला होता. त्यांची शुभा पहिल्या दिवसापासून पहिल्या रांगेत मधोमध उभी राहायची आणि नंदा शेवटच्या रांगेत, खांबाजवळ.

१९८५ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी क्लास सुटल्यावर उत्तराबाईंनी जानकीला थांबवलं. "डिसेंबरच्या कार्यक्रमात नंदाला घेत नाहीये. ती धावते. तालच नाही हो तिला. तो अंगात असावा लागतो, शिकवून येत नाही. शिवणाच्या क्लासला घाला, हात चांगला आहे तिचा."

नंदा घुंगरांची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिने खाली बघितलं. खुर्च्यांवरच्या सगळ्या आयांनी मात्र वर बघितलं.

जानकीला हे परवडणारं नव्हतं. सहदेव, तिचा नवरा, वीस वर्षं गिरणीत मागावर होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून तो मढला एका बंगल्यावर पहारेकरी होता. बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. नाचणाऱ्या मुलींची रांग दिवसभर उन्हात उभी असलेली तो रोज बघायचा आणि घरी येऊन ताटावर बसल्या बसल्या सांगायचा. पोरीला नाच शिकवायला त्याचा पहिल्यापासून विरोध. शेवटी त्याने एकच सवलत दिली होती, दोन वर्षांत पोरगी धड स्टेजवर उभी राहिली तर पुढचं बघू, नाहीतर घुंगरू माळ्यावर.

"काय सांगल्यानी बाईनी?" त्याने त्या संध्याकाळी विचारलं. मागांच्या खडखडाटाने त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो मोठ्यानेच बोलायचा.

"पोरीक ताल नाय म्हणतत."

"मगे झाला तर. शिकवणारीच सांगता. आता कित्याक धाडतंस? पाठच्या रांगेत उभी रवाक? त्या रांगेतल्या पोरींका कोण कुत्रो इचारना नाय, माज्या डोळ्यांनी बघतंय."

"शुक्रवारची शिकवणी होऊंदे. मगे बंद."

"शुक्रवारची. फुडे नाय."

नंदाने त्याही दिवशी कोपऱ्यात थोडी पावलं घेतली. लगेच खालच्या खोलीतल्या रत्नप्रभेने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. तिच्या डोक्यावर माती पडते, असं तिचं म्हणणं होतं. नंदा थांबली आणि घुंगरू सोडायला बसली. गाठ सुटेना, तशी तिने ती दाताने सोडवली.

जानकीच्या डोक्यातून मात्र तो शब्द जाईना. धावते. शाळेत दर शनिवारी सकाळी आठशे मुलांची कवायत असायची आणि तिचा ढोल जानकी वाजवायची. जुना ढोलवाला शिपाई निवृत्त झाला तेव्हा कवायतीच्या मार्तंड सरांनी टिपरू तिच्या हातात दिलं होतं आणि बजावलं होतं, "बाई, पोरं चुकली तर चुकू देत. त्यांच्या पायांकडे बघायचंसुद्धा नाही. ढोल त्यांच्यामागे गेला की कोण चुकतंय ते कुणालाच कळत नाही." आठ वर्षं ती समोरच्या पिंपळाकडे बघत ढोल वाजवत होती. आणि या आठ वर्षांत पहिलीपासून आठवीपर्यंत नंदा त्याच ढोलावर कवायत करून मोठी झाली होती.

शुक्रवारी ती पायरीवर बसली ती हॉलकडे पाठ करून. उत्तराबाई पाटावर बसून समोरच्या लाकडी ठोकळ्यावर आखूड काठीने ताल धरायच्या. मुली तीच पावलं आधी संथ घ्यायच्या, मग दुप्पट, मग चौपट वेगात. काठी मात्र तिन्ही वेळा तशीच चालायला हवी. जानकीने गुडघ्यावर बोटाने तो ठोका धरला. संथ झालं, दुप्पट झालं. चौपट सुरू झालं आणि काठी तिच्या बोटाच्या मागे पडली.

आपलंच चुकलं, असं तिला वाटलं. दुसऱ्या फेरीलाही तेच झालं. तिसऱ्या फेरीला तिने वळून बघितलं. उत्तराबाईंचे डोळे शुभाच्या पायांवर होते. शुभाची टाच उशिरा पडायची आणि काठी तिच्यासाठी थांबायची. शुभाकडे बघून नाचणाऱ्या बाकीच्याही थांबायच्या. खांबाआडून शुभा न दिसणारी एकटी नंदा आधीच्या ठोक्यावर चालत राहायची आणि सगळ्यांच्या पुढे निघून जायची.

"नंदा, धावू नकोस," उत्तराबाई म्हणाल्या. "किती वेळा सांगायचं?"

जानकी उठून आत गेली. त्या लाद्यांवर तिचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं.

"बाई, ती धावत नाही. तुमची काठी थांबते."

"काय म्हणालात?"

"काठी थांबते. शुभाच्या पायासाठी."

नलिनी खुर्चीवरून उठून दारात आली. "जानकीबाई, तुम्ही बाहेर या बघू. कवायतीचा ढोल बडवणं वेगळं आणि हे वेगळं."

"वेगळंच आहे. तिथे सोळाशे पाय असतात. कुणाच्या पायासाठी थांबू?"

"माझ्या मुलीचं नाव घ्यायचं काम नाही."

"मग घेत नाही. बाई, एकदा डोळे मिटून वाजवा. एवढंच करा."

उत्तराबाईंचा चेहरा उतरला. वीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नसावं. नाही म्हणाल्या असत्या तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि काठी उचलली.

संथ पार पडलं. दुप्पट पार पडलं. चौपटीत शुभाची टाच मागे पडली. काठी थांबली नाही. शुभा गोंधळून जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्यामागे एकेक करून बाकीच्या. आणि तेवढ्यात नंदाही चुकली. आईला सगळ्यांसमोर तशी उभी बघून तिचा पाय अडखळला होता.

नलिनी मोठ्याने हसली. "झालं समाधान? तुमची तर सगळ्यांत आधी चुकली."

तसं नव्हतं, पण ऐकायला कोण होतं. जानकीने मात्र पुढचं बघितलं. शुभा काठी आपल्यापाशी येईल म्हणून वाट बघत उभी होती. नंदा एक ठोका गाळून, कुणाकडेही न बघता, पुढच्या ठोक्यावर परत चढली होती आणि शेवटपर्यंत गेली होती. उत्तराबाईंनी डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये एकाच मुलीचे पाय वाजत होते. त्यांनी जानकीकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. जानकीलाही ते कळलं.

"उद्यापासून तिला आणू नका," उत्तराबाई म्हणाल्या.

"उद्या शनिवार आहे," जानकी म्हणाली. "क्लास नसतोच."

घरी ती सहदेवला म्हणाली, "ह्यो क्लास सुटलो. दुसरो बघतंय. पंधरा दिवस." सहदेवने ताट सरकवलं आणि तो उठला. त्याला नाही म्हणायचं होतं, पण पोरगी चुकली का क्लास चुकला हे नीट ऐकू न आल्यामुळे त्याला धड भांडताही येईना.

या खेपेला जानकीने लाद्या बघितल्या नाहीत. गोरेगावला एक चंद्रप्रकाश मास्तर होता. त्याच्याकडे ना काठी ना ठोकळा, टेपरेकॉर्डर होता, आणि तो पाच-सहा-सात-आठ असं ओरडत स्वतःच मध्ये थांबून केस विंचरायचा. नंदाला खालपासून वरपर्यंत बघून तो म्हणाला, "उंची झकास आहे. सहा महिन्यांत स्टुडिओत लावून देतो, मागच्या लाइनीत." जानकी म्हणाली, "तिचा बाप त्या लाइनीला ओळखतो," आणि निघाली. अंधेरीच्या बाई ताल धरायला मोठ्या मुलीला बसवून आत फोनवर बोलायला गेल्या त्या आल्याच नाहीत. तिसरा क्लास गोरेगावलाच, रेशनच्या दुकानामागे एका खोलीत होता. पाटी नव्हती. शिकवणाऱ्या पद्मजाबाई मूळच्या हुबळीच्या, साठीच्या, तोंडाच्या फटकळ. जानकी दाराशी बसली आणि तिने डोळे मिटले.

काठी सुरू झाली. संथ, दुप्पट, चौपट. जानकीचं बोट आणि काठी एकत्र चालली. मध्येच कुणाचे तरी घुंगरू भलतीकडेच वाजले, काठी सरळ पुढे गेली. "अगं, माझी नात म्हणून तुझ्यासाठी थांबू काय?" पद्मजाबाई ओरडल्या. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "ओ बाई, इथे झोपायला आलाय?"

"मुलीला घालायचंय," जानकी म्हणाली.

"आधी डोळे उघडा, मग घाला."

त्यांनी नंदाला पावलं घ्यायला लावली आणि अर्ध्यात थांबवलं. "कुणी शिकवलं हे? गुडघे बघ, देवळाची दारं मिटल्यासारखे. कोपर खाली. मान अशी काय, चोरी केली काय?" दोन वर्षांचं सगळं त्यांनी पाच मिनिटांत मोडीत काढलं. सात वर्षांच्या मुलींच्या रांगेत पहिल्या पावलापासून सुरुवात करावी लागेल, तीन वर्षं स्टेजचं नाव काढायचं नाही, आणि आईने दाराशी बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. नंदाचे डोळे भरून आले. समोरच्या चिमुरड्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"आणि ताल?" जानकीने विचारलं.

"ताल आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

परत येताना नंदा आईच्या पुढे चालत होती. पुलावर आल्यावर म्हणाली, "त्या बाई मला आवडल्या नाहीत."

"मलाही नाही आवडल्या."

"मग?"

"मग काय. उद्यापासून गुडघे उघड."

सहदेवला सांगायचं बाकी होतं. तो खाटेवर बसून दाढी करत होता. जानकीने समोर उभं राहून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. तीन वर्षं स्टेज नाही, हेही सांगितलं.

"स्टेज नाय तर घुंगरू माळ्यार. ठरलेला आसा."

"पोरीक ताल आसा म्हणतत."

"कोण म्हणता?"

"जी कोणाचाच बरा सांगणा नाय ती."

त्याने अर्धा गाल तसाच ठेवून वस्तरा खाली केला. तेवढ्यात कोपऱ्यात नंदाने पावलं सुरू केली होती, गुडघे उघडून, रागाने, सात वर्षांच्या मुलीची पहिली पावलं. लगेच खालून रत्नप्रभेचा दांडा छतावर बसला. पुन्हा बसला, आणखी जोरात, कसाही. नंदा थांबली नाही आणि तिने वेगही वाढवला नाही.

सहदेवने हाताचा तळवा जमिनीवर टेकला. वीस वर्षं तो असाच कान न देता, पायाखालच्या फरशीवरून मागाची चाल ओळखायचा. बराच वेळ तो तसाच वाकून बसला. साबण गालावर सुकला.

"चुकता ती वरची नाय," तो शेवटी म्हणाला, "खालची." आणि त्याने वस्तरा परत उचलला.