तेयोकाकांचा घोटा

तेयोकाकांनी घोटा मोडून घेतला तो नाचताना, आणि तोही दुसऱ्याच बाईबरोबर. टेक्सासच्या आमच्या नदीकाठी रविवारी दुपारी नाचाच्या हॉलमध्ये अकॉर्डियन सुरू झालं, की सत्तरीचे हे गृहस्थ टोपी तिरकी करून हजर. जन्मभर शाळेची बस चालवली, पण ऐट विमान उडवल्याची. त्या दिवशी एका विधवेला गिरकी दाखवायला गेले आणि होविताकाकूंच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, टेबलापाशी आडवे झाले. काकूंनी आधी आपली कॉफी सावरली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, पण हाड काही जुळेना. काकांना साखर होती, म्हणजे मधुमेह. आमच्याकडे घरटी एकाला असतेच, म्हणून तिची विचारपूस कोणी करत नाही. काका रोज गाईच्या पायाचा रस्सा ओरपायचे आणि वर गोड पाव कॉफीत बुडवून खायचे.

काकू ओरडल्या तर म्हणायचे, "साखर सोडलीय मी. हा पाव आहे."

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर एवढी चढलेली असताना हाड नीट जुळत नाही. गोळ्या पुरत नाहीत, इन्शुलिन घ्या. नाहीतर स्क्रू ढिले होतील, जखम चिघळेल, आणि मग पाय वाचवणं अवघड."

"इन्शुलिननं माणूस आंधळा होतो," काका म्हणाले. "माझा भाऊ कुको. सुई सुरू झाली आणि डोळे गेले."

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुकोचे डोळे साखरेनं आधीच खाल्ले होते, सुई उशिरा आली, हे बाईंनी परोपरीनं सांगितलं. तुमचे डोळे आधी तपासून घेऊ, असंही म्हणाल्या. काका छताकडे बघत बसले.

घरी आल्यावर काकूंनी तोंड उघडलं. "पाद्रीबाबांनी मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावलं आणि कुको तासाभरात गेला. उद्यापासून त्यांनाही दारात उभं करायचं नाही का?"

काका म्हणाले, "डोळे गेले तर नाचू कसा, म्हातारे? समोर कोण आहे ते तरी दिसायला हवं."

"लग्नापासून माझ्या खांद्यावरून दुसऱ्या बायाच बघत आलायस. आंधळा झालास तर निदान मला धरून राहशील." मग काकू चुलीकडे वळल्या. "पाय गेला तर मी कुणाबरोबर नाचू, ते सांग."

दुसऱ्या दिवशी काकांनी डोळे घट्ट मिटून पहिली सुई टोचून घेतली. गोड पाव घरातून हद्दपार झाला. काका रुसले, पण हिवाळा सरता सरता एक्स-रेच्या फोटोत हाडाची फट भरत आलेली दिसली. ती त्यांनी डॉक्टरीणबाईंना चष्म्याशिवाय बोट ठेवून दाखवली.

ईस्टरनंतर ते पुन्हा हॉलमध्ये उतरले. काठी टेबलाला टेकवली आणि थेट काकूंचा हात धरला. हळूहळू नाचत होते, डोळे मिटून. ती विधवा जवळ आली आणि हळहळली, "अरे देवा, तेयो. गेले का रे डोळे?"

"गेले," काका डोळे न उघडता म्हणाले.

"मग राहू दे तसेच," काकू म्हणाल्या.