बाबांचा पाचवा गिअर

माझ्या गाडीचं इंजिन फुटलं तेव्हा मी गाडीत नव्हते. बाबा चालवत होते, शेजारी आई होती, आणि गाडी पालघरच्या उड्डाणपुलावर चढत होती. धाडकन आवाज झाला, खालून ऑइल सांडलं आणि गाडी तिथेच बसली. मागचा एक शहाणा ओरडला, "आजोबा, झेपत नाही तर चालवता कशाला?" त्याला शोधून चार शिव्या हासडाव्यात असं मला अजून वाटतं. खरं तर त्या शिव्या मलाच पडायला हव्यात.

आमचं घर शिरगावला. मी तारापूरला कंपनीच्या बसने कामावर जाते, त्यामुळे आठवडाभर गाडी बाबांकडे. आईला गुडघ्यांच्या व्यायामासाठी पालघरला तेच न्यायचे. रविवारी मात्र गाडी माझी. टर्बो पेट्रोल आहे, आणि मला पळवायची हौस, काय करणार! बोईसरच्या एका गॅरेजमध्ये मी तिचा रीमॅप करून घेतला, म्हणजे लॅपटॉप लावून इंजिनाची ताकद वाढवून घेतली. घरी सांगितलं, सर्व्हिसिंगला दिली होती.

गॅरेजवाल्याने तेव्हाच बजावलं होतं, "मॅडम, पावर बढ़ गया, लेकिन अंदर के रॉड कंपनी के ही हैं." रॉड म्हणजे पिस्टनचा धक्का खाली क्रँकपर्यंत पोचवणाऱ्या दांड्या. कंपनीने त्या मूळ ताकदीच्या हिशोबाने बनवलेल्या; थोडं जास्त सोसतात, फार नाही. आणि त्यांचा घात पळवण्याने होतो त्याहून जास्त, गाडी हळू असताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबण्याने होतो. टर्बोचा सगळा जोर संथ फिरणाऱ्या इंजिनावर येतो आणि रॉड वाकतो. चढ आला की आधी गिअर खाली घ्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

आणि बाबांनी तर जन्मभर डिझेलचा टेम्पो चालवलेला! गाडी जरा हलली की वरचा गिअर, चढावरही तोच, आणि वरून पाय दाबायचा. गिअर खाली घेणं म्हणजे त्यांच्या मते तेल फुकट घालवणं. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसलेय मी. पण सांगितलं असतं तर रीमॅपचं बिंग फुटलं असतं, म्हणून मूग गिळून गप्प बसले.

इंजिन उघडल्यावर गॅरेजवाल्याने फोटो पाठवला. एक रॉड वाकून तुटलेला, आणि इंजिनाच्या ब्लॉकला भोक.

बाबांनी त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. शेजाऱ्याने स्वतःची गाडी देऊ केली, तर म्हणाले, "नको रे, माझा आता भरवसा नाय." आई रिक्षात चढता-उतरता कळवळते आणि काहीतरी निमित्त काढून व्यायाम चुकवते. बाबा जेवताना मध्येच थांबून विचारतात, "माझं नक्की काय चुकलं ग?" तेव्हा मी ताट उचलून मोरीकडे जाते.

शेवटी काल ओटीवर त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. रीमॅप, सर्व्हिसिंगची थाप, गॅरेजवाल्याची ताकीद. फोटो दाखवला. बोलता बोलता रडायलाच आलं. "बाबा, तुमची काही चूक नाही. मी केलं हे."

"तू रविवारी केवढी पळवतेस," ते म्हणाले. "तवा काय झालं नाय. मी मुंगीच्या पावलानं चाललेलो, आन् माझ्याच हातात मोडली?"

"हळू होतात म्हणूनच मोडली! त्या गॅरेजवाल्याला विचारा हवं तर."

"त्याला पण तूच पढवला असशील." ते हसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आत आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस? मला वाईट वाटू नये म्हणून पोरगी सगळं आपल्या अंगावर घेते. अशी लेक मिळायला नशीब लागतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडू नको, बाय. गाडी झाली की तूच चालव. मी नाय आता शिवणार तिला."