वरच्या आळीचा पाइप

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. ट्रेड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे आजारी-जखमी जवानांची देखभाल. गाव शेंद्र्याच्या पुढं. तिथं जुलाब-उलट्यांची साथ आली आणि ग्रामपंचायतीत बैठक बसली. आरोग्य समिती माझ्याकडंच येणार, असं मी धरून चाललो होतो. गावानं नाव घेतलं आशाताई कमलचं. शिक्षण दहावी. मी टाळ्या वाजवल्या. घरी जेवण गेलं नाही.

मला टाकीत क्लोरीन टाकून पाणी तपासायचं काम मिळालं. रोज ०६०० वाजता मी टाकीवर. त्याच वेळी कमल सात-आठ बायका घेऊन घरोघर फिरायची, ओआरएस वाटायची. गावात प्रत्येक फौजी मेजरच; मी पाणी उकळायला सांगितलं की लोक "व्हय मेजर" म्हणून बसून राहायचे. तिनं सांगितलं की चुली पेटायच्या. मला ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती टाकीखाली आली.

"दादा, आजारी समदे वरच्या आळीचे. तिथला पाइप नालीतून जातो. फुटला असंल. जरा बघता का?"

"टाकी मी तपासली. पाणी ओके आहे."

"टाकीचं नाय म्हणत, दादा."

"तू तुझी घरं बघ."

तिचं बरोबर होतं, हे मला तिथंच कळलं. मी गेलो नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी ०९१० ला तिचा फोन.

"काशिनाथआप्पा पडलेत. लवकर या."

मला भरतीला सायकलवर सोडणारे ते आप्पा. वरच्या आळीतले. मनगटाला नाडी लागत नव्हती. अँब्युलन्समध्ये सिस्टरनं ड्रिप लावली, मी बाटली धरून बसलो. शहर यायच्या आत, १००५ ला, आप्पा गेले.

दुपारी परत आलो तो थेट वरच्या आळीत. कुदळ मारली. बघता बघता निम्मं गाव आलं. बायकांनी नाली उपसली. पाइप नालीतच फुटला होता. १६०० ला जोड बसला. चार दिवसांत नवे पेशंट थांबले.

पुढच्या बैठकीत सरपंच म्हणाले, "मेजरनं पाइप शोधला."

कमलनं टाळ्या वाजवल्या. तिचा तो मोठेपणाही मला टोचला. मी उठलो.

"पाइप हिनं शोधला. आप्पा पडायच्या आदल्या दिवशी. मी हिच्यावर जळत होतो, म्हणून गेलो नाही."

मागं बसलेली आप्पांची सून उठली आणि निघून गेली.

आजही लोक आधी कमलच्या दारी जातात. आजही मला लागतं.

पोस्टिंगवर दोन जवान माझ्या हातावर गेले. त्यांची नावं मी रोज सकाळी घेतो. आता त्यांच्यानंतर काशिनाथआप्पांचं घेतो. त्या दोघांसाठी मी धावलो होतो.