बिनकाजांचा शर्ट

चिंधी हे नाव बापानेच ठेवलेलं. शिंप्याची पोर, मशीनखालच्या चिंध्या वेचून त्यांची माणसं करायची. पुढे तिने त्याच चिंध्यांना एक्स-रेच्या फिल्म्स, तुटक्या चेनी, जुने फॉर्म जोडले आणि हसवता हसवता असे चिमटे काढले, की भलेभले आधी पोट धरायचे आणि दारापर्यंत जाताना गप्प व्हायचे. तेही कलाशाळेचं तोंड न बघता! डिग्रीवाल्यांनी जमवून दाखवावं.

आपलं प्रेम बाईवर आहे, हे तिने कधी लपवलं नाही. अँब्युलन्स चालवणाऱ्या मैत्रिणीबरोबर तिने संसार थाटला आणि बापाच्या तोंडाला कुलूप लागलं. चार वर्षं. आपल्या कलाकृतींच्या प्रदर्शनाचं बोलावणं ती स्वतः दुकानात, त्यांच्या कात्रीखाली ठेवून आली. बाबांनी एकदा बघावं, एवढीच आस.

हॉलच्या मधोमध शर्ट टांगलेला. अस्तर फॉर्मांमधल्या ‘स्त्री’, ‘पुरुष’ रकान्यांच्या कात्रणांचं. पुरुषांची बटणं उजवीकडे, बायकांची डावीकडे. हिने दोन्ही पट्ट्यांवर लावली आणि काज एकही नाही. खाली चिठ्ठी: ‘ट्रायल रूम शोधतोय.’

उद्घाटनाच्या सकाळी येऊन बघते तर बाप स्टुलावर, शर्ट मांडीवर, दातांत दोरा.

“बाबा! काय केलंत हे?”

“काजं. शिंप्याची पोर आणि काजं विसरलीस? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“विसरले नव्हते! मुद्दाम होतं! तो लागत नाही, हाच तर विनोद!”

“न लागणाऱ्या शर्टाला फडकं म्हणतात.”

“आत कुणी सोडलं तुम्हाला?”

“मी,” मैत्रीण चहा घेऊन आली. “सातपासून पायरीवर बसले होते. दुसऱ्या कशाकडे बघेचनात. म्हणाले, आधी तो शर्ट काढून दे.”

बापाने शर्ट झटकला. दोन्ही पट्ट्यांवर, दर दोन बटणांच्या मधे, हाताने विणलेलं बारीक काज. उजवी बाजू डावीवर लावली. सोडली. डावी उजवीवर लावली.

“कुठून लावायचा ते तुझं तू बघ. मला त्यातलं कळत नाही. पण दोन्हीकडून बसला पाहिजे. बसतो. मी घालून पाहिलाय.”

 चिंधीने चिठ्ठी उलटी केली आणि पेन काढलं.

“काय लिहितेस?”

“‘काजं: बाबा.’”

बाहेर लोक जमू लागले होते. बापाने शर्ट पुन्हा मांडीवर ओढला.

“नाव लागणार असेल तर थांब. डावीकडचं तिसरं तिरपं गेलंय.”