ॲडजस्ट करण्यास माझा नकार

प्रकरणातील दिवस दोन: सभागृह ठरवले तो बाबासाहेबांच्या जयंतीनंतरचा सोमवार आणि मुलीच्या साखरपुड्याचा रविवार. जबाबदार तीन: बदलापूरच्या त्या सभागृहाचा व्यवस्थापक, माझी पत्नी सुमन आणि ‘ॲडजस्ट’ हा इंग्रजी शब्द.

रविवारी आम्ही अंबरनाथहून पाहुण्यांसह पोहोचलो, तर सभागृहाच्या मधोमध पडदा. पलीकडे उल्हासनगर कॅम्प तीनमधील एका सिंधी कापड व्यापाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस. मंच मात्र एकच, आणि तो आमच्या बाजूला.

“काका, केक कापेपर्यंत स्टेज त्यांना द्या ना,” व्यवस्थापक म्हणाला. “थोडं ॲडजस्ट करा.”

“आनंदनगरच्या कारखान्यात मी आयुष्यभर यंत्रे ॲडजस्ट केली आहेत. दोन भाग नीट बसेपर्यंत दोन्ही थोडे थोडे सरकवणे, याला ॲडजस्ट म्हणतात. आपण किती सरकलात?”

“मी कशाला सरकू? मी तर इथलाच आहे.”

(आमच्या तिन्ही शहरांत या शब्दाचा अर्थ हाच आहे. शेअर रिक्षात चौथा प्रवासी बसवताना चालकही हेच म्हणतो. स्वतः मात्र ऐसपैस असतो.)

कायद्यात ताब्याला महत्त्व आहे. मी तडक मंचावर चढलो आणि वधूवरांसाठी मांडलेल्या मखमली सोफ्याच्या मध्यभागी बसलो.

“अहो, उतरा खाली,” सुमन दबक्या आवाजात म्हणाली. “मुलाकडचे बघतायत. नातं मोडेल अशानं.”

“बघू देत. साक्षीदार लागतातच.”

“पप्पा, तो सोफा आमचा आहे,” मुलगी प्रज्ञा म्हणाली.

“तुमच्याच वतीने बसलो आहे.”

एवढ्यात व्यापारी स्वतः आले. “अंकल, आप आराम से बैठो. हमको स्टेज नहीं मंगता.”

माणूस सज्जन होता. पण माझा वाद व्यवस्थापकाशी होता. त्याने चूक लेखी मान्य करेपर्यंत मी हलणार नव्हतो. तो कागद शोधायला गेला.

तेवढ्यात सुमनने आणि व्यापाऱ्यांच्या पत्नीने मिळून पडदा गुंडाळला. पलीकडच्या टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत वंदना सुरू झाली. मी अर्थातच हात जोडून उभा राहिलो. (ताबा सुटू नये म्हणून सोफ्यावर रुमाल टाकला.) पंचशील झाले आणि ‘हॅपी बर्थडे’च्या फुग्यांखाली अंगठ्या घातल्या गेल्या. पाठोपाठ केक कापला. पहिला घास नातवाला, दुसरा जावयाला.

“ताई, हे असेच असतात का?” मुलाच्या वडिलांनी विचारले.

“पहिल्यापासून,” सुमन म्हणाली. “पण मंचावर असले की घरात त्रास नसतो.”

ते इतके हसले की नाते जागच्या जागी पक्के झाले. त्याच वेळी व्यवस्थापक धापा टाकत आला आणि मला कागद दिला: ‘स्टेज काकांचाच आहे.’ खाली सही. मी पूर्ण जिंकलो होतो. छायाचित्रकाराने तो क्षण टिपला आहे. त्यात मी आणि रुमाल, दोघेच आहोत.

तरीही नातेवाइकांत अपप्रचार सुरू आहे. म्हणून माझी जाहीर मागणी आहे: त्या दिवशी मंच कोणाच्या ताब्यात होता, याचे उत्तर व्यवस्थापकाने लग्नाच्या दिवशी सर्वांसमोर माइकवरून द्यावे. साखरपुडा कुठे झाला, हा प्रश्न त्याने उपस्थित करू नये.