ठमाबाई आणि भागोजीची शिंगटी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या काठच्या वाडीत ठमाबाईच्या घरी पावसाळ्यात कुणी पाणी मागितलं, तर ते गढूळच मिळायचं. फडक्यातून दोनदा गाळलेलं, पण गढूळ. साऱ्या वाडीत हंड्यात तुरटी फिरवून पाणी निवळायची रीत. हिच्या घरात तुरटी औषधालाही नव्हती. बाया म्हणायच्या, म्हातारी चिक्कू आहे. म्हणोत बापड्या. त्यांना काय ठाऊक!

ठमाबाईचा नवरा भागोजी. अंगाची हळद उतरते न उतरते तोच तो मुंबईला गेला आणि एका शेठच्या बंगल्यावर घरगडी म्हणून राहिला. शिमग्याला यायचा, चार दिवस राहून जायचा. इकडे ठमाबाईनं नाचणी लावली, सासू-सासऱ्यांचं केलं, त्यांना पोचवलं. मूलबाळ नाही. म्हातारपणी तरी नवरा आपल्या वाट्याला येईल, एवढीच तिची आस.

सन तीसच्या सुमारास तो आला, पण छातीचं दुखणं घेऊन. दासगावला बोटीतून उतरला आणि पुढं बैलगाडीत गोधडीत गुंडाळलेलं बोचकं मांडीवर घेऊन बसला. मुंबईहून काय आणलं बघायला वाडी गोळा झाली, तर आत रिकामी काचेची पेटी! शेठनं जुनी झाली म्हणून दिलेली.

"हिच्यात मासं पाळायचं," भागोजी म्हणाला. लोक हसून बेजार. आणि पाळलं काय, तर डोहातली शिंगटी. तळाशी लोळणारी, मिशाळ, जी आपण कालवणात घालतो ती.

पण तिचे लाड काय विचारता! शेठकडच्या परदेशी मिशाळ माशांची देखभाल भागोजीनंच केली होती. त्यानं नदीची बारीक वाळू ठमाबाईकडून चाळून घेतली, धारदार कडांचा एकेक खडा वेचून काढला. "तळाला राहणारं जित्राब हाय गो. खड्यानं मिशा झिजल्या तर तेला घास गावायचा नाय." लपायला नारळाची करवंटी, सावलीला वाळूत रोवलेलं पाणगवत. पाणी झऱ्याचंच हवं, आणि तेही थोडं थोडं बदलायचं. झरा वाडीच्या वर. घागरी वाहून ठमाबाईची कंबर मोडायची आणि मनात यायचं, मेली एवढी माया माझ्या वाट्याला कधी आली? तिला त्या मासळीचा हेवा वाटायचा. खरंच वाटायचा.

पुढं भागोजीनं अंथरूण धरलं. पेटी उशाशी. शिंगटी करवंटीतून बाहेर आली की त्याचा चेहरा उजळायचा, आणि तेवढ्यात ठमाबाई चार घोट पेज त्याच्या पोटात घालून घ्यायची. एरवी तो तोंड उघडायचा नाही. शिंगटी जगली तर नवरा जगेल, असं तिच्या मनानं घेतलं.

श्रावणात झऱ्याच्या वाटेवर दरड आली. पाणी नदीचं आणावं लागलं, आंबिलीसारखं लाल. पेटीत काही दिसेना. भागोजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि पेज तशीच पडून राहू लागली. ठमाबाईच्या जिवाला घोर लागला. मग तिच्या आईनं, सासूनं जन्मभर जे केलं तेच तिनं केलं. त्याचा डोळा लागलेला बघून पेटीत तुरटी फिरवली. गाळ लवकर बसेना म्हणून आणखी फिरवली. मुंबईत पाणी नळाचं, त्यामुळं तुरटी घालू नको असं सांगायचं भागोजीला कधी सुचलंच नव्हतं.

सांजेला पाणी लख्ख झालं.

"बघा तरी, आता दिसतंय न्हवं?"

तो कुशीवर वळला. शिंगटी तळ सोडून वर आली होती, तोंड वासत होती. बघता बघता आडवी झाली.

भागोजीनं हात लांबवून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग बराच वेळ ठमाबाईकडं बघत राहिला.

"वय झालं हुतं गो तिचं," तो म्हणाला. "तू बस हितं. पेज दे."

त्या सांजेला त्यानं वाटीभर पेज घेतली, तिच्याकडं बघत. ठमाबाईला वाटलं, देव पावला. मासळी गेली पण नवरा हाती लागला. सकाळी तिनं शिंगटी परसात केळीखाली पुरली. पेटी मात्र भागोजीनं हलवू दिली नाही.

घट बसायच्या आधी तो गेला.

बारावं उरकल्यावर ती पेटी धुवायला निघाली. पाणी अजून निवळशंख. ओतता ओतता काय मनात आलं कोण जाणे, तिनंही बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड आवळून आलं. शिंगटी कशानं मेली ते तिला तेव्हा कळलं, आणि त्याला ते त्याच सांजेला कळलं होतं, हेही कळलं. नवरा गेला त्या दिवशी रडली नव्हती एवढी ती रडली.

"शिव्या घालायच्या हुत्या वो मला," ती रिकाम्या पेटीला म्हणत होती. "बोलला का नाय?"

तुरटीचा खडा तिनं उकिरड्यात टाकला आणि पुन्हा घरात आणला नाही. ती पेज त्यानं कशी गिळली असेल, या विचारानं तिचा जीव मरेपर्यंत तुटत राहिला.